डोंगररानातले भेक कसे मोजायचे आणि त्यांच्या पोटात काय गेलं ते कसं ओळखायचं

मृगाचा पहिला दणका बसला त्या रात्री मी गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका ओढ्याकाठी उभा होतो. वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असं करत करत अर्ध्या तासात पान भरलं. भेकच भेक, म्हणजे ते चामखिळीवाले बेडूक. पंधरा दिवसांनी उघडीप होती, म्हणून आरामात परत गेलो, तर दोनच दिसले. घरी येऊन मी वहीत चक्क लिहून टाकलं, "संख्या घटली." एवढ्यावर थांबलो नाही, त्याची कारणंही लिहिली!

भेक कुठंही गेले नव्हते. पहिल्या रात्री आसपासच्या रानातले नर जोडीदारासाठी पाण्यावर जमले होते. उघडीप पडल्यावर ते पाचोळ्याखाली, दगडाच्या सांदीत, उंबराच्या मुळाशी जाऊन बसले. मी मोजत होतो तो पाऊस, भेक नव्हेत. शिवाय दोन्ही वेळा किती मिनिटं चाललो, किती अंतर चाललो, यातलं काहीच वहीत नव्हतं. म्हणजे ती दोन पानं फाडून टाकली असती तरी चाललं असतं.

पुढे जे काही लिहिलंय ते या चुकीतून शिकलेलं आहे. कोल्हापूरच्या पश्चिमेला राहणारा कुणीही शिक्षक, कॉलेजचा विद्यार्थी किंवा रानात फिरायचा नाद असलेला माणूस हे करू शकतो.

आधी भेक ओळखा

आपल्याकडे डराव करणारं सगळंच बेडूक. भेक हे त्यातलंच एक वेगळं घराणं. कातडी कोरडी आणि चामखिळींनी भरलेली, पाय आखूड, लांब उड्या मारण्यापेक्षा तुरुतुरु चालण्याची किंवा छोट्या टणक्या मारण्याची सवय. खात्रीची खूण म्हणजे डोळ्यामागे दोन्ही बाजूंना असलेली फुगीर विषग्रंथी. ती असेल तरच भेक म्हणा. (अपवाद पुढे येतोच.)

घराच्या ओसरीवर, दिव्याखाली आणि रानातही जो सर्रास दिसतो तो आशियाई भेक, शास्त्रीय नाव दत्ताफ्रायनस मेलानोस्टिक्टस. यातलं 'दत्ता' हे ओडिशातले बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्यावरून आलं आहे. याच्या चामखिळींची टोकं काळी असतात आणि डोळ्यांच्या कडेनं डोक्यावर काळ्या उंचवट्यांच्या रेघा असतात, काजळ घातल्यासारख्या. मादी मोठी, तळहात भरेल एवढी. नराचा गळा विणीच्या काळात काळपट-पिवळसर होतो आणि पुढच्या पायाच्या आतल्या बोटांवर काळे खरखरीत घट्टे येतात.

गफलत होते ती जमिनीत पुरून घेणाऱ्या गोल बेडकाशी. तोही जाडा, तोही मळकट. पण त्याला डोळ्यामागची ग्रंथी नसते आणि मागच्या पायाच्या तळव्याला माती उकरायला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. पहिल्या वर्षी माझ्या यादीत असे कितीतरी 'भेक' शिरले होते.

सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर काम करणार असाल तर झँथोफ्रायनी या वंशाची माहिती हवी. यात दोनच जाती आहेत आणि दोन्ही फक्त सह्याद्रीच्या आपल्याच पट्ट्यातल्या. कोयनेच्या परिसरातला भेक १९६३ साली शास्त्राला कळला. आजऱ्याच्या पुढे आंबोलीला सापडणारा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला भेक थेट २००९ साली. आंबोलीचा भेक अतिसंकटग्रस्त आहे. हे भेक लहान, दोन-चार सेंटिमीटरचे. कातळावरच्या बशीएवढ्या उथळ डबक्यात अंडी घालतात. ते डबकं आठ-दहा दिवस पाऊस थांबला की आटतं. कातळावरून निष्काळजीपणे चालणारा एक गमबूट त्यांची पुढची पिढी संपवू शकतो. यांच्यात विषग्रंथीही ठळक दिसत नाही. शंका आली तर हात न लावता फोटो काढा आणि पुढे चला.

परवानगी

राधानगरी अभयारण्य म्हणजे पूर्वीचं शाहू महाराजांचं शिकारीचं रान. १९५८ पासून ते अभयारण्य आहे, क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं रात्री आपल्या मनानं शिरायचं नाही. पावसाळ्यात तर दिवसाही निर्बंध असतात. अभयारण्यात अभ्यास करायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, ते कार्यालय नागपूरला आहे. अर्ज आपल्या भागातल्या वनकार्यालयामार्फत करा आणि पावसाळ्याच्या आधी चांगले सहा महिने करा. मार्चमध्ये अर्ज करून जूनची वाट बघणारे मी पाहिलेत. त्यांचा मृग कोरडाच जातो.

पण अभयारण्यातच गेलं पाहिजे असं नाही. गावची देवराई, शेताचा बांध, घाटरस्त्याची कडा, स्वतःच्या परड्यातली विहीर इथंही खरं काम होतं. तिथंही नियम एकच: फक्त बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा. भेक हातात धरणं, डब्यात ठेवणं, त्याचं पोट धुणं, हे परवानगी आणि शिकवणारा माणूस असल्याशिवाय नाही.

सामान

शिसपेन्सिल आणि वही. पेन नको, पावसात शाई उतरते आणि पान निळं होतं. डोक्याला लावायची बॅटरी, शिवाय एक हातातली. गुडघ्यापर्यंतचे गमबूट. पन्नास मीटरची मोजपट्टी. लहान थर्मामीटर. फोटोच्या चौकटीत ठेवायला सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी. आणि सोबतीला एक माणूस, तो सामानात धरा, कारण एकट्यानं रात्री रानात जायचंच नाही. पाचोळ्यात घोणस आणि फुरसं असतं, दाजीपूरच्या बाजूला गवा असतो. गवा दिसला की मोजणी तिथंच बंद.

जळवांसाठी आपल्याकडे पायाला तंबाखू-चुना चोळतात. चोळा, पण मग त्या हातानं कुठल्याही बेडकाला शिवू नका. भेक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाखालच्या पातळ कातडीतून तो ओल शोषून घेतो. तुमच्या हाताला जे लागलंय ते त्याच कातडीतून आत जातं. मीठ, डास पळवायचं मलम, सॅनिटायझर, सगळ्याचं तेच.

बूट हा दुसरा मुद्दा. बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड बुरशीचा रोग ओल्या चिखलातून एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाऊ शकतो. एका जागेचं काम झालं की बूट ब्रशनं घासून धुवा आणि खडखडीत वाळवा. एका रात्रीत दोन डोंगर करायचे नाहीत.

पट्टा आखून मोजणी

दिवसाउजेडी जागा बघून घ्या. १०० मीटर लांबीची सरळ रेघ ठरवा, दोन्ही टोकांना झाडाला रंगीत सुतळी बांधा. रात्री या रेघेवरून चालताना डावीकडे २ मीटर आणि उजवीकडे २ मीटर एवढंच बघायचं. या चार मीटर रुंद पट्ट्याच्या पलीकडं कितीही मोठा भेक बसलेला दिसला तरी तो मोजणीत नाही. मोह होतो. कोपऱ्यात वेगळी नोंद करा, बेरजेत धरू नका.

पट्टा ओढ्याला समांतर फक्त काठानं आखला तर आकडा फुगतो. म्हणून जागा प्रकारांत वाटा: दाट रान, सडा, ओढाकाठ, शेताचा बांध, वस्ती. प्रत्येक प्रकारात निदान तीन पट्टे, आणि दोन पट्ट्यांत किमान २०० मीटर अंतर, म्हणजे तोच भेक दोनदा वहीत येणार नाही.

वेळ संध्याकाळी साडेसात ते दहा. एका पट्ट्याला ३० मिनिटं, ना कमी ना जास्त. चालताना पाचोळा उचकटायचा की नाही ते पहिल्या रात्री ठरवा आणि शेवटच्या रात्रीपर्यंत तेच पाळा. मी उचकटत नाही. पाचोळ्याखालची दुनिया एकदा उलटली की पुन्हा तशी बसत नाही.

प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला वहीत ही ओळ आलीच पाहिजे: तारीख, पट्टा क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, तापमान, गेल्या २४ तासांत पाऊस पडला का, आत्ता पडतोय का, चंद्र आहे का, बघणारे किती जण. प्रत्येक भेकासाठी पुढचे रकाने: मोठा की पिल्लू, नर-मादी कळत असेल तर, कशावर बसला होता, काय करत होता. 'काय करत होता' हा रकाना फालतू वाटतो. तोच पुढे आहाराच्या कामाला येतो.

हिशेब सोपा आहे. पट्टा १०० गुणिले ४, म्हणजे ४०० चौरस मीटर. समजा ६ भेक दिसले. म्हणजे १०० चौरस मीटरला दीड, हेक्टरला १५०. इथंच थांबायचं. हेच दीडशे धरून कुणी अख्ख्या राधानगरीच्या ३५ हजार हेक्टरांना गुणलं तर बावन्न लाखांच्या वर भेक होतात, आणि वर्तमानपत्राला मथळा मिळतो. तुमचा आकडा त्या प्रकारच्या जागेचा, त्या हंगामाचा आणि दिसलेल्या भेकांचा आहे. दिसले तेवढे म्हणजे आहेत तेवढे नव्हेत.

एकाच पट्ट्यावर किती रात्री जायचं? समजा भेक तिथं आहे, पण एका रात्रीत तो दिसण्याची शक्यता ०.४ आहे. म्हणजे न दिसण्याची ०.६. चार रात्री गेलात तर चारही वेळा हुकण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, म्हणजे साधारण १३ टक्के. पाच रात्रींत ८ टक्के. म्हणून 'इथं भेक नाहीत' असं लिहायच्या आधी निदान पाच रात्री, आणि त्यातल्या दोन तरी पावसाच्या. वळवाच्या पावसापासून सुरू करून मृग, आर्द्रा आणि मग श्रावणातली उघडीप, अशा वेळा धरल्या तर हंगामाचा चढउतार नीट हाती येतो.

तोच भेक परत दिसला का?

पूर्वी बेडकाचं बोटाचं टोक कापून खूण करत. आज मोबाइलचा कॅमेरा असताना त्याची काही गरज नाही. आशियाई भेकाच्या पाठीवरच्या मोठ्या चामखिळींची मांडणी प्रत्येकात वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. बरोबर वरून, पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. फ्लॅश तिरका मारा म्हणजे चामखिळींची सावली पडते आणि नक्षी उठून दिसते. घरी आल्यावर दोन्ही ग्रंथींच्या मधल्या भागापासून सुरू करून खाली जुळवत जा. पहिले दहा फोटो जुळवताना डोकं भणभणतं, नंतर नजर बसते.

समजा पहिल्या रात्री २४ भेकांचे फोटो झाले. तीन रात्रींनी त्याच जागी २० भेक मिळाले आणि त्यातले ७ आधीचेच निघाले. मग एकूण अंदाज असा: (२४ + १) गुणिले (२० + १), भागिले (७ + १), त्यातून १ वजा. ५२५ भागिले ८ म्हणजे ६५.६, वजा एक, म्हणजे साधारण ६५. दोन्ही रात्री मिळून प्रत्यक्ष दिसले ३७ वेगळे भेक. उरलेले अठ्ठावीस जण तिथंच कुठंतरी होते आणि तुम्ही त्यांच्या शेजारून गेलात.

या सूत्रात एक अट आहे: दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात बाहेरून फारसं कुणी आलेलं-गेलेलं नको. विणीच्या रात्री पाण्यावर हे चालत नाही, कारण नर रोज येत-जात असतात आणि माद्या अंडी घालून निघून जातात. तिथं मोजलेली संख्या ही नरांच्या जत्रेची असते. हे सूत्र आषाढ-श्रावणात, भेक आपापल्या ठिकाणी स्थिर झाल्यावर वापरा.

रस्त्यावर मेलेले भेकही मोजा. फोंडा घाट किंवा करूळ घाटाच्या वरच्या अंगाला, पावसाच्या रात्रीनंतर पहाटे, रहदारी वाढायच्या आत ठरावीक एक किलोमीटर. कावळे आणि घारी सातपर्यंत पुरावा नाहीसा करतात. डांबरावर चपटा झालेला भेक बघायला बरा वाटत नाही, पण कुठल्या मोरीजवळ सर्वांत जास्त मरतात हे कळलं तर त्याचा पुढे उपयोग होतो.

पोटात काय गेलं: विष्ठेची वाट

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, "ओ मास्तर, बेडकं मोजून काय गावतंय तुम्हाला?" मी त्याला अंगणातल्या दिव्याखाली नेलं. वळीव पडून गेला होता आणि कडुलिंबावरून हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, तपकिरी भुंगेरे दिव्यावर येऊन टपाटप खाली पडत होते. खाली एक मोठी मादी बसलेली. भुंगेरा पडला, उताणा झाला, पाय झाडायला लागला. तिनं आधी मान वळवली, मग अंग पुढं झुकवलं, मागच्या पायाचं एक बोट थरथरलं, आणि भुंगेरा दिसेनासा झाला. जीभ दिसलीच नाही. मग तिनं दोन्ही डोळे आत ओढून घेतले. भेकाला दात नसतात, डोळ्यांचे गोळे टाळूकडून खाली दाबून तो घास घशात ढकलतो. शेतकरी गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिला. उसाच्या मुळाशी हुमणी लागली की काय होतं ते त्याला सांगायची गरज नव्हती. "अजून एक खाती का बघू," म्हणाला.

खाल्लं. पण म्हणून भेकानं हुमणी आटोक्यात येते असा निष्कर्ष काढू नका. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसातले भुंगेरे मारायला परदेशी भेक आणून सोडले. भुंगेरे राहिले उसाच्या शेंड्याला आणि भेक जमिनीवर. ऊस वाचला नाही, भेक मात्र आजही तिथं पसरतच आहेत. आपला आशियाई भेकसुद्धा मादागास्करात पोहोचल्याचं २०१४ साली जाहीर झालं आणि तिथल्या अभ्यासकांची झोप उडाली. म्हणून एका गावचे भेक उचलून दुसऱ्या शेतात सोडायची कल्पना सुचली तर तिथंच सोडून द्या.

आहार कळायचा सर्वांत साधा, कुणालाही न दुखवणारा मार्ग म्हणजे विष्ठा. भेकाची विष्ठा त्याच्या अंगाच्या मानानं भलतीच मोठी असते: दोन ते चार सेंटिमीटर लांब, जाडसर, काळपट, आणि उजेडात धरली की चमचमते. ती चमक म्हणजे न पचलेले मुंग्यांचे तुकडे आणि भुंगेऱ्यांचे पंख. पालीच्या विष्ठेला टोकाला पांढरा ठिपका असतो, भेकाच्या विष्ठेला नसतो. सकाळी लवकर पायरीखाली, विहिरीच्या काठावर, पट्ट्यावरच्या सपाट दगडांवर शोधा. शक्यतो भेक शेजारी दिसला असेल तीच घ्या, म्हणजे कुणाची हा वाद राहत नाही.

चिमट्यानं उचला आणि जागेवरच झाकणाच्या बाटलीत ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका, बाहेरचं लेबल सुटतं. आणि उघड्या डबीत अजिबात ठेवू नका. मी एकदा सहा विष्ठा वर्तमानपत्रावर वाळत घातल्या होत्या. आठवड्यानं भिंगाखाली घेतल्या तर त्यात बारीक लाल मुंग्या, अख्ख्या, अगदी मिशांसकट. मला हर्ष झाला की काय सुंदर नमुने! दोन दिवस मोजले. मग त्यातली एक चालायला लागली.

भिंगाखाली

पसरट पांढऱ्या बशीत पाणी, त्यात विष्ठा, आणि दोन सुयांनी हळूहळू सोडवायची. दहापट भिंग पुरतं. शाळेत विच्छेदनाचा सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम. आता एकेक तुकडा ओळखायचा.

मुंगीचं डोकं कडक असतं आणि शाबूत राहतं. कोपरात दुमडल्यासारख्या मिशा तुटल्या असल्या तरी त्यांची खोबण दिसते. फक्त डोकी मोजा. डोकं, कंबर आणि पोट वेगवेगळं मोजलंत तर एका मुंगीच्या तीन होतात. भुंगेऱ्याचे कडक पुढचे पंख डावे-उजवे वेगळे लावा. डावे ७ आणि उजवे ५ निघाले तर भुंगेरे कमीत कमी ७. डोक्याला पुढे सोंड असेल तर तो सोंडेभुंगा. वाळवीची डोकी फिकट पिवळी आणि मऊ, सैनिक वाळवीचे जबडे तेवढे गडद. पंखवाली वाळवी खाल्ली असेल तर पारदर्शक पंखांचा चुरा निघतो. वाणी म्हणजे पैसा, त्याच्या कड्या सुट्या होऊन बांगड्यांसारख्या पडतात. रातकिड्याचा मागचा जाड पाय, झुरळाचा काटेरी पाय, गोगलगायीच्या शंखाचा कपचा, हे लगेच कळतं. वाळूचे कण आणि गवताची काडी घासाबरोबर चुकून गेलेली, ती अन्नात धरू नका.

गांडूळ, अळी, कोळी असं मऊ खाणं विष्ठेत जवळजवळ दिसतच नाही. म्हणून विष्ठेवरून काढलेल्या आहारात कडक किड्यांचं पारडं नेहमी जड राहणार. हे भरून काढायला वहीतला 'काय करत होता' हा रकाना बघा. भेकाच्या तोंडातून लोंबणारं गांडूळ दिसल्याची नोंद तिथंच सापडते.

पिल्लांचं वेगळं लिहा. नुकतंच पाण्याबाहेर आलेलं भेकाचं पिल्लू नखाएवढं असतं. त्याला मुंगळासुद्धा रेड्यासारखा. ते पाचोळ्यातले सूक्ष्म किडे टिपतं.

तीन आकडे, एक नव्हे

इथं बहुतेक जण चुकतात. समजा २० विष्ठांत मिळून ४०० खाल्लेले किडे निघाले: २६० मुंग्या, ८० वाळवी, ४० भुंगेरे, २० इतर. संख्येनं मुंग्या ६५ टक्के, वाळवी २०, भुंगेरे १०. "भेक मुंग्या खातो" असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं.

आता किती विष्ठांत काय निघालं ते बघा. मुंग्या १८ विष्ठांत, म्हणजे ९० टक्के. भुंगेरे १६ मध्ये, म्हणजे ८०. वाळवी फक्त ४ मध्ये. म्हणजे वाळवी रोजचं अन्न नव्हे, एका रात्री वारुळातून पंखवाली वाळवी उडाली आणि चार भेकांची दिवाळी झाली.

तिसरा आकडा आकारमानाचा. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग गुणिले ०.५२ केलं की अंदाज येतो. पाच मिलिमीटर लांब आणि १.२ रुंद मुंगी पावणेचार घन मिलिमीटरची. वीस लांब आणि दहा रुंद भुंगेरा हजाराच्या वर. एक भुंगेरा म्हणजे सुमारे पावणेतीनशे मुंग्या. पोट कशानं भरलं याचं उत्तर एकदम उलटं होतं. तिन्ही आकडे शेजारी मांडा. एकच निर्देशांक हवा असेल तर संख्येचे टक्के अधिक आकारमानाचे टक्के, या बेरजेला किती विष्ठांत निघालं त्या टक्क्यांनी गुणा आणि क्रम लावा.

किती विष्ठा पुरे? प्रत्येक नव्या विष्ठेत नव्या प्रकारची शिकार निघाली का ते लिहीत जा. सुरुवातीला दर वेळी काहीतरी नवं निघतं. ओळीनं पाच-सहा विष्ठांत नवं काही निघालं नाही की त्या जागेपुरतं, त्या महिन्यापुरतं पुरे झालं.

रानात होतं काय?

भेकानं मुंग्या खाल्ल्या त्या त्याला आवडल्या म्हणून, की रानात मुंग्याच होत्या म्हणून? हे विचारल्याशिवाय आहाराचं काम अर्धंच. त्याच पट्ट्यावर, त्याच रात्री, अर्धा मीटर चौकोनातला पाचोळा चाळणीनं पांढऱ्या कापडावर चाळा आणि किडे प्रकारानुसार मोजा. असे दहा चौकोन. मोजून झाले की तिथंच सोडा. दिवसा चाळू नका, दिवसाच्या मुंग्या वेगळ्या आणि रात्रीच्या वेगळ्या. जमिनीत पेला पुरून किडे पकडायची पद्धत पुस्तकात असते, पण पिल्लांच्या दिवसांत त्या पेल्यात भेकच पडतात, म्हणून मी ती सोडली.

समजा पाचोळ्यात मुंग्यांचा वाटा ०.४० आणि विष्ठेत ०.६५. वजाबाकी ०.२५, बेरीज १.०५, भागाकार ०.२४. उत्तर शून्याच्या जवळ म्हणजे समोर आलं ते खाल्लं, अधिक एककडे म्हणजे निवडून खाल्लं, उणे एककडे म्हणजे टाळलं. सड्यावरच्या, रानातल्या आणि वस्तीतल्या भेकांचे हे आकडे वेगळे येतात का ते बघणं हा या सगळ्या खटाटोपातला खरा गमतीचा भाग. वस्तीतला भेक दिव्याचा मिंधा असतो. त्याचा आहार रानातल्या भेकाच्या नावावर खपवू नका.

चुकून हातात आलाच तर

रस्त्यावरून बाजूला करायला भेक उचलावा लागला तर हात पाण्यानं ओले करा, पोटाखाली आधार द्या आणि काही सेकंदांत खाली ठेवा. तो मुतेल. ते घाबरून सोडलेलं, कोरड्या दिवसांसाठी साठवलेलं पाणी असतं, म्हणून उघडिपीत शक्यतो उचलूच नका. भेकानं चामखीळ होत नाही, ती माणसाच्याच विषाणूनं होते. डोळ्यामागच्या ग्रंथीतलं पांढरं दूध मात्र खरोखर विषारी आहे. हात साबणानं धुवेपर्यंत डोळे चोळू नका, आणि सोबत कुत्रं नेऊ नका, त्यानं भेक तोंडात धरला तर फेस गाळत पडेल आणि डॉक्टर गाठायला लागेल.

वहीचं पुढं काय

त्याच आठवड्यात वहीतल्या नोंदी संगणकावर चढवा, पानांचे फोटो काढून ठेवा. माझी एक अख्खी वही ओल धरून चिकटली, त्यात दोन नक्षत्रांचं काम गेलं. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका, पण सड्यावरच्या दुर्मीळ भेकांची नेमकी जागा झाकून. गावातल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते, तिच्यात बेडकांचं पान बहुतेक कोरंच असतं. तुमची एक प्रत तिथं द्या, ग्रामपंचायतीचा शिक्का मारून पोच घ्या.

आणि पुढच्या वर्षी त्याच झाडांना, त्याच सुतळ्या, त्याच तारखांना.